दिवाळीत आजोळी जाताना डायलिसिसवर असलेल्या मामींसाठी काय न्यावे?

आजोळवाट (प्रश्न)

माझ्या मामी सांगलीला राहतात. त्यांचे वय 54 असून गेल्या दीड वर्षापासून दर मंगळवारी, गुरुवारी आणि शनिवारी सकाळी त्यांचे डायलिसिस असते. लहानपणी मे महिन्याची माझी सगळी सुट्टी त्यांच्याच घरी जात असे आणि पुरणपोळी लाटायलाही मी त्यांच्याकडूनच शिकले. त्यामुळे यंदा दिवाळीत आजोळी जाताना त्यांच्यासाठी जे नेईन, ते केवळ रिकाम्या हाताने जाऊ नये म्हणून नेलेले नसावे, अशी मनापासून इच्छा आहे.

गेल्या दिवाळीत माझी मोठी चूक झाली. आजारी माणसाकडे जायचे म्हणून मी फळांची करंडी, चार शहाळी आणि सुक्या मेव्याचा डबा नेला. मामींनी ते हसून घेतले, मला कुंकू लावले, चहा दिला. दुसऱ्या दिवशी मामांनी मला स्वयंपाकघरात बाजूला घेऊन हळूच सांगितले की करंडीतली सफरचंदे सोडली तर यातले काहीच मामींना चालत नाही आणि शहाळे तर अजिबात नाही. मी तिथे होते ते दोन दिवस ती शहाळी ओट्याखाली तशीच होती, आणि मामी मात्र दिवसभरात मोजून पाऊण लिटर पाण्यावर राहत होत्या. ते दृश्य अजून माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

त्यांना मधुमेह नाही. फिस्टुला (डायलिसिसच्या सुया टोचण्यासाठी शस्त्रक्रियेने तयार केलेली शीर) डाव्या हाताला, कोपराच्या वर आहे. पूर्वी त्या क्रोशाचे विणकाम फार सुंदर करत आणि वाचनाची तर त्यांना लहानपणापासून आवड. डायलिसिसला चार तास पडून राहावे लागते तेव्हा विणकाम करता येईल, म्हणून उत्तम सुताचा संच द्यावा असे माझ्या मनात आहे. दोन हजार रुपयांपर्यंत खर्च करू शकते. ज्यांच्या घरी डायलिसिसचा अनुभव आहे त्यांनी कृपया सांगावे, नेमके काय उपयोगी पडते आणि काय टाळावे?


सोमबुधशुक्र (उत्तर)

आपण विचारले हेच फार चांगले केले. मी स्वतः सहा वर्षे डायलिसिसवर आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

शहाळ्याचे मनाला लावून घेऊ नका. आमच्याकडेही पहिल्या वर्षी प्रत्येक जण तेच घेऊन येत असे, कारण आजारी माणसाला शहाळे द्यावे हे आपल्या हाडीमासी भिनलेले आहे. 100 मिलिलिटर शहाळ्याच्या पाण्यात साधारण 250 मिलिग्रॅम पोटॅशियम असते. निरोगी माणसाची किडनी ते सहज बाहेर टाकते, आमच्या अंगात मात्र ते पुढच्या डायलिसिसपर्यंत साठून राहते. पोटॅशियम वाढले की हृदयाचे ठोके बिघडतात आणि त्याची आधी फारशी चाहूलही लागत नाही. केळी, संत्री, मोसंबी, खजूर, मनुका, जर्दाळू यांचेही तसेच. बदाम आणि पिस्त्यात त्याच्या जोडीला फॉस्फरसही असतो.

आता सुताविषयी. डायलिसिसच्या चार तासांत फिस्टुलाचा हात हलवता येत नाही. त्या हातात दोन सुया असतात आणि तो उशीवर सरळ ठेवावा लागतो. म्हणजे मामींना तिथे एकच हात मोकळा असतो आणि एका हाताने क्रोशा होत नाही. सूत जरूर द्या, पण ते घरच्या दिवसांसाठी द्या, आणि डायलिसिसच्या पिशवीत ठेवायचे म्हणून देऊ नका. माझ्या नणंदेने मला असाच संच दिला होता, आणि तो बरोबर नेऊन चार तास त्याच्याकडे नुसते पाहत राहायचे, हे मला जड गेले.

पुस्तकाचेही तेच. जाड कादंबरी एका हातात धरवत नाही, अर्ध्या तासात मनगट भरून येते आणि पान उलटायला दुसरा हात नसतो. माझ्या भाचीने मला पोथी वाचायला ठेवतात तसले घडीचे लहान लाकडी व्यासपीठ आणून दिले, वर पाने धरायला दोन चिमटे लावून दिले. पलंगाला जोडलेल्या टेबलावर ते नीट बसते. गेली चार वर्षे ते माझ्या पिशवीत आहे. त्याबरोबर दोन-तीन दिवाळी अंक दिलेत तर मामींचे पुढचे कितीतरी मंगळवार चांगले जातील, कारण अंकातली कथा एका बैठकीत संपते. डायलिसिसच्या शेवटच्या तासात रक्तदाब खाली येतो, पायात वांब येतात आणि लांबलचक मजकुरावर लक्ष राहत नाही.

पाण्याविषयीही सांगते. ज्याला पाणी मोजून प्यावे लागते त्याच्यासाठी भांड्याचा आकार फार महत्त्वाचा असतो. मोठ्या पेल्यात तळाशी घोटभर पाणी पाहिले की आपल्याला काही नाकारले आहे असे वाटते. तेच पाणी लहान फुलपात्रात काठोकाठ भरलेले असले की पूर्ण वाटते. माझ्याकडे जेमतेम 100 मिलिलिटरचे एक पितळी फुलपात्र आहे, आतून कल्हई केलेले. ते मला कोणी भेट दिले नाही, मी स्वतःच शोधले, पण कोणी दिले असते तर मला आपल्या तहानेचा कोणीतरी विचार केला असे वाटले असते.

आणखी एक गोष्ट, जी मी सहसा कुणाला सांगत नाही. फिस्टुला झाल्यापासून माझ्या डाव्या हातात बांगडी नाही. त्या हातात घट्ट काही घालायचे नसते, घड्याळ नाही, बांगडी नाही, राखीसुद्धा नाही. हळदीकुंकवाला गेले की बायकांचे लक्ष आधी त्या हाताकडे जाते, आणि शिरा फुगून वर आलेल्या असतात त्याकडे नंतर. मी पदराखाली हात घेऊन बसते. एका वर्षी माझ्या जावेने संक्रांतीला फक्त उजव्या हातासाठी सहा हिरव्या बांगड्या आणल्या आणि काही न बोलता माझ्या हातात भरल्या. सगळ्यांना डझन देतात, मला सहा दिल्या, आणि सहा का ते तिने कुणाला समजावून सांगितले नाही. त्या दिवशी मी पदराखाली हात घेतला नाही.

आपल्या मामींना हे आवडेल की नाही ते मला माहीत नाही. तेव्हा त्यांनाच फोन करून विचारा. मामांना विचारलेत तर ते पथ्याची यादी सांगतील.


लालनिळीनळी (उत्तर)

मी बारा वर्षे डायलिसिस तंत्रज्ञ म्हणून काम करतो. ताईंनी वर लिहिले आहे ते योग्यच आहे. सुरक्षिततेच्या दृष्टीने काही गोष्टी जोडतो.

पुष्कळ जण रुग्णाला शाल किंवा ब्लँकेट देतात आणि ते उपयोगी पडते, कारण विभागात वातानुकूलन असते, रक्त शरीराबाहेरून फिरून येते आणि रुग्णांना हुडहुडी भरते. परंतु सुया असलेला हात आणि नळ्या पूर्ण वेळ उघड्या दिसल्या पाहिजेत. मशीन रक्त मिनिटाला साधारण 250 ते 300 मिलिलिटर या वेगाने ओढते आणि परत देते. अशा वेळी शालीखाली सुई निसटली आणि ते कुणाच्या लक्षात आले नाही, तर काही मिनिटांत गंभीर रक्तस्राव होऊ शकतो. मी मऊ शाली पाहतो तेव्हा माझे पहिले लक्ष त्या हातावरच असते. म्हणून शाल द्यायची तर पाय आणि छाती झाकेल एवढीच, धुवायला सोपी आणि शक्यतो गडद रंगाची द्या. पांढऱ्या किंवा फिक्या शालीवर रक्ताचा एखादा डाग पडला की रुग्ण पुन्हा ती आणत नाहीत.

आपण लिहिले आहे की फिस्टुला कोपराच्या वर आहे. मग ब्लाउजची बाही हा दर खेपेचा प्रश्न असणार. बाही वर सरकवून दंडाशी गोळा केली तर ती हात आवळते, आणि तसे होता कामा नये. आमच्याकडे येणाऱ्या एका काकूंच्या मुलीने शिंप्याकडून आईचे तीन ब्लाउज नव्याने शिवून घेतले, त्यांची डावी बाही खांद्यापासून काठापर्यंत उघडते आणि टिचबटणांनी बंद होते. बंद असली की ती कुणाला ओळखूही येत नाही. त्या काकू पूर्वी डायलिसिसला मुलाचा जुना सदरा घालून यायच्या, आता साडी नेसून येतात. दोन हजारांत असे दोन-तीन ब्लाउज कापडासकट सहज होतील. मापाचा जुना ब्लाउज मात्र मामींकडूनच मागून घ्या, आणि तो उजवीकडे घट्ट व डावीकडे सैल असू शकतो हे शिंप्याला सांगा.

फराळाचे सांगायचे तर, खव्याची मिठाई, पेढे आणि बर्फी फॉस्फरसमुळे नकोत. अनारशात गूळ असतो आणि गुळात पोटॅशियम भरपूर. करंजीत सुके खोबरे, चिवड्यात शेंगदाणे आणि मीठ, म्हणजे तेही अडचणीचे. मधुमेह नसेल तर चिरोटे त्या मानाने बरे, कारण मैदा आणि साखर यांत पोटॅशियम व फॉस्फरस दोन्ही कमी असतात. एरवी आपण ज्याला निकस म्हणतो तेच पांढरे धान्य इथे सोसते, आणि नाचणीचे पौष्टिक लाडू सोसत नाहीत. मिठाऐवजी वापरायचे म्हणून मिळणारे कमी सोडियमचे मीठ आरोग्यदायी समजून कुणी आणत असेल तर त्यांना थांबवा. त्यातल्या बऱ्याच प्रकारांत सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड असते. चांदणीच्या आकाराचे काप होणारे कमरख हे फळ तर घरातच आणू नका. किडनीच्या रुग्णांच्या मेंदूवर त्याचा विषारी परिणाम होतो, अगदी थोडे खाल्ले तरी. कुणी सुचवलेले चूर्ण किंवा काढा भेट म्हणून देऊ नये, हेही आग्रहाने सांगतो.

ही सगळी पथ्ये मशीनवर डायलिसिस करणाऱ्यांची आहेत. पोटातून डायलिसिस करणाऱ्यांचे पथ्य पुष्कळ वेगळे असते, त्यामुळे हा धागा वाचून दुसऱ्या कुणासाठी खरेदी करणाऱ्यांनी त्या घरच्या आहारतज्ज्ञांचे आधी ऐकावे.


गोदातीर (उत्तर)

माझ्या पत्नीचे डायलिसिस पाच वर्षे झाले नाशिकला चालू आहे. मी वस्तूंविषयी फारसे लिहू शकत नाही, पण आपल्या मामांच्या जागी मी आहे, म्हणून त्यांच्या बाजूने लिहितो.

आठवड्यातले तीन दिवस जातात म्हणतात, पण प्रत्यक्षात जास्त जातात. चार तास मशीनचे, त्याआधी वजन आणि रक्तदाब, नंतर सुया काढल्यावर रक्त थांबेपर्यंत दाबून बसायचे, मग जाणे-येणे. घरी आल्यावर ती संध्याकाळपर्यंत झोपून असते, कारण अंगातली सगळी ताकद ओढून घेतल्यासारखी वाटते. अशा संध्याकाळी लोक भेटायला येतात आणि ती उठून बसते, पोहे करू का म्हणून विचारते. आपण मंगळवारी, गुरुवारी किंवा शनिवारी जाऊ नका. रविवार त्यांचा मोकळा दिवस असेल, त्या दिवशी जा. आपल्याला सर्दी-खोकला असेल तर मात्र तो रविवारही सोडून द्या.

आम्हाला मिळालेली सगळ्यात मोठी भेट माझ्या धाकट्या भावाची. त्याने एकदा सांगितले की महिन्यातला पहिला शुक्रवार माझा, वहिनींना मी नेईन आणि मीच आणीन. तो आजवर चुकलेला नाही. त्या शुक्रवारी मी बँकेत जातो, दाढदुखीच्या डॉक्टरांकडे जातो, कधी नुसता गंगेवर, म्हणजे गोदावरीकाठी, जाऊन बसतो. पत्नीलाही बदल मिळतो, कारण माझ्याशी बोलायचे विषय संपलेले असतात आणि दीर तिला शेतातल्या गोष्टी सांगतो. आपण दूर राहत असाल तर दर महिन्याला जमणार नाही, पण दिवाळीच्या सुट्टीतला एखादा गुरुवार मामांकडून मागून घ्या.

दुसरी भेट प्रवासाची. डायलिसिस सुरू झाले की गाव सुटत नाही, अशी घरातल्या सगळ्यांची समजूत होते, आणि मग लग्नकार्याची आमंत्रणेसुद्धा माणसे नुसती औपचारिकतेने देऊ लागतात. माझ्या मेहुणीच्या मुलीचे लग्न पुण्यात होते. त्या मुलीने कार्यालयाजवळच्या एका डायलिसिस केंद्रात महिनाभर आधी चौकशी केली, कावीळ ब, कावीळ क आणि एचआयव्हीच्या तपासण्यांचे ताजे अहवाल आमच्याकडून मागवून घेतले, ड्राय वेट (अंगातले जादा पाणी काढल्यावरचे वजन) आणि औषधांचा कागद पाठवला, आणि लग्नाच्या आदल्या दिवशीची वेळ ठरवून मगच आम्हाला पत्रिका दिली. पत्रिकेच्या मागे केंद्राचा पत्ता आणि वेळ तिने हाताने लिहिली होती. माझी पत्नी ती पत्रिका हातात घेऊन बराच वेळ बसली होती. एवढे जमणार नसेल तर मधल्या मोकळ्या दिवशी सांगलीहून नरसोबाच्या वाडीला जाऊन येणे सहज शक्य आहे, अर्ध्या दिवसात परत येता येते.

पैशाच्या पाकिटाविषयी कुणी लिहिले नाही म्हणून लिहितो. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेमुळे बऱ्याच घरांचा डायलिसिसचा खर्च भागतो, तरी हिमोग्लोबिनची इंजेक्शने, तपासण्या आणि रिक्षाचे भाडे यांचा खर्च थांबत नाही. जवळच्या नात्यात पाकीट दिले तर त्यात कमीपणा नाही. माझ्या काकांनी ते देताना, यातून येत्या महिन्याची रिक्षा करा, एवढेच म्हटले होते, आणि त्यामुळे घेताना संकोच वाटला नाही.

एक विनंती आहे. कुणीही भावनेच्या भरात, मी किडनी देईन, असे रुग्णासमोर बोलू नये. आमच्याकडे एका नातलगाने भर दिवाळीत सगळ्यांसमोर तसे म्हटले. पुढे त्यांनी तपासणीलाही वेळ काढला नाही. त्यांच्यावर माझा राग नाही, हा निर्णय सोपा नसतोच. पण त्या दिवसानंतर कितीतरी महिने फोन वाजला की पत्नी माझ्याकडे पाहत असे, आणि मला तिच्याकडे पाहवत नसे.


आजोळवाट

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिले, त्याबद्दल मनःपूर्वक आभार. सोमबुधशुक्र ताईंनी सांगितल्याप्रमाणे काल मी मामींनाच फोन केला. मामांना विचारले असते तर खरोखरच पथ्याची यादी मिळाली असती.

ब्लाउजचे ऐकून मामी आधी हसल्या आणि मग म्हणाल्या की सध्या त्या मामांचा सदराच घालून जातात आणि गल्लीतून जाताना त्यांना फार अवघडल्यासारखे होते. मापाचा ब्लाउज त्या मामांच्या हाती एसटीच्या पार्सलने पाठवत आहेत. व्यासपीठही घेतले. सूत घेणार आहे, पण ते मी तिथे गेल्यावर आम्ही दोघींनी रविवारी मिळून विणायचे असे ठरले आहे. दिवाळीतला गुरुवार मी मामांकडे मागितला, तेव्हा ते आधी नको-नको म्हणाले आणि पाच मिनिटांनी परत फोन करून, खरेच जमेल का, असे विचारले.

बांगड्यांचा विषय मी भीत भीतच काढला. मामी थोडा वेळ काहीच बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या की उजव्या हातातल्याही त्यांनी काढून ठेवल्या आहेत, कारण एका हातात असल्या की दुसरा जास्तच रिकामा दिसतो. आता यावर काय करावे ते मला कळत नाही. त्यांनी नाही म्हटले नाही आणि हो असेही म्हटले नाही. फोन ठेवताना मात्र, कासाराकडे त्या पूर्वीच्या मोरपंखी रंगाच्या काचेच्या बांगड्या अजून मिळतात का ग, असे विचारले.


सोमबुधशुक्र

मग घेऊन जा. पण सगळ्यांसमोर भरू नका. ओवाळणीच्या ताटातही ठेवू नका. रविवारी विणायला बसाल तेव्हा सुताच्या पिशवीत ठेवा, त्यांना वाटेल तेव्हा त्या स्वतः हात पुढे करतील आणि नाही वाटले तर पिशवी तशीच राहील.

मापाचे एक लक्षात घ्या. दोन डायलिसिसच्या मध्ये पाणी साठते आणि हातावर सूज येते. शनिवारनंतर थेट मंगळवारी मशीन असते, म्हणून सोमवारी ती सर्वांत जास्त असते. पूर्वी त्यांना सव्वादोनच्या बसत असतील तर सव्वादोनच्या सहा घ्या आणि अडीचच्याही सहा घ्या. जबरदस्तीने चढवल्या आणि काच लागली तर आमचे रक्त लवकर थांबत नाही, डायलिसिसच्या दिवशी तर अधिकच, कारण मशीनवर रक्त पातळ ठेवायचे औषध देतात. सैल असलेल्या कधीही चांगल्या.